अहवालाचं दुसरं पान

मन्सूरा, ३ ऑक्टोबर २०२१

चि. रबाब हिस,

अनेक आशीर्वाद. नऊ वर्षांचे साठले आहेत; जागा होईल तिथे ठेव.

पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. तुझ्या फोनने मला केव्हाच हद्दपार केलं आहे, आणि घरी पाठवलं तर तुझ्या सासूबाई, हज्जा रतीबा, पाकिटाला आधी कान लावतील, मग वाफ. मराठीत लिहितोय तेही त्याचसाठी. अस्वानच्या धरणापासून समुद्रापर्यंत ही लिपी वाचणारी दोनच माणसं मला माहीत आहेत. त्यातलं एक माझ्याशी बोलत नाही. सहाव्या वर्षी तुला पाटीवर बाराखडी गिरवायला बसवलं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "दाऊद, पोरीला ह्याचा उपयोग काय?" मी म्हणालो, "गुपितं." ती म्हणाली, "मला हिंदी समजलास का?" आणि मग स्वतःच खो खो हसली. बावळटाला 'हिंदी' म्हणणाऱ्या ह्या देशात खऱ्या हिंदी माणसाशी दुसरं लग्न करायचं, आणि रोज त्यालाच ते ऐकवायचं, एवढं धाडस सनियाच करू जाणे.

वाईच्या पाठशाळेत मी दिगंबर होतो, निकाहाच्या कागदावर दाऊद झालो. तू 'अम्मो' म्हणायचीस, त्याचा मी 'काका' केला. ह्या तीन नावांपैकी लॅबमध्ये कुणीही कुठलंच घेत नाही. यकृताचे तुकडे मेणात बसवून कापणाऱ्या मला 'ए, मेण तापलं का?' एवढंच म्हणतात.

आता मुद्दा. इन्साफ मावशीने तुझा हसरा व्हिडिओ दाखवला. हसू मी पाहिलंच नाही. डोळ्यांचे पांढरे भाग पाहिले, ते पांढरे नव्हते. हज्जांनी तुझ्या बेंबीवर कबुतरं बसवली म्हणे. चौथं मेलं तेव्हा कावीळ त्याच्यात उतरली असं जाहीर झालं. आमच्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते. इथे तर फांदी हज्जाच मोडतात. अगं, पोटावर दाबून धरलेलं कबुतर गुदमरून मरतंच, त्याला कावीळ लागत नाही. तांदूळ भरून शिजवली असशील तर निदान त्या चौघांचा जन्म सार्थकी लागला.

रक्त तपासून घे. नुसतं व्हायरससाठी नको. यकृताचे आकडे, रक्तातलं एकूण प्रतिपिंड-प्रथिन, आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं. डॉक्टरला ह्याच शब्दांत सांग. का, ते विचारू नकोस. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाची दुवा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग उचलून गेलीस, तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

तुझा (हे तुझ्या मर्जीवर)
काका

मन्सूरा, १९ ऑक्टोबर

चि. रबाब,

तुझं उत्तर पोचलं. तोंडी, आणि इन्साफच्या तोंडून, म्हणजे मूळ मजकुराला फोडणी घालून. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "हे बघ दाऊद, मी नुसती टपाल आहे. पोरगी म्हणते, 'मी तपासलंय, व्हायरस नाही. म्हणजे मला आईचा रोग नाही. काकाला सांग, त्याची पाच हजार यकृतं त्यालाच लखलाभ.'"

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, सांधे दुखतात, जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणतो पित्ताचा खडा असेल. आणि दाऊद, ही कोशरी तू केलीस? मसुरीने काय पाप केलं होतं?"

कोशरी मी तिघांची करतो. एकट्यापुरतं मोजमाप मला अजून जमलेलं नाही. तीन दिवस तेच खातो आणि चौथ्या दिवशी आनंद वाटतो, की आज दुसरं काही करायचं.

पाच हजारांचं वाक्य माझं आहे. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस, म्हणालीस, "काका, आईला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." मी म्हणालो, "मी पाच हजार यकृतं कापलीत, मला शिकवू नकोस." त्याच वाक्यासाठी तू गेलीस, असं मी समजतो. शिक्षा रास्त आहे. पण त्या रागापायी स्वतःच्या यकृताला वाऱ्यावर सोडू नकोस.

व्हायरस नाही म्हणजे आईचा रोग नाही, हे तू कशावरून ठरवलंस? ह्या मुलखात यकृत म्हटलं की व्हायरस. तुझ्या आईच्या पिढीला शाळेत रांगेत उभं करून बिल्हार्झिया ह्या कृमींच्या रोगावरची सुई टोचली, एकच सुई रांगभर फिरली, आणि खेडीच्या खेडी पिवळी झाली. तेव्हापासून आम्ही यकृताकडे बघतच नाही, थेट व्हायरस शोधतो. सापडला की शोध संपला. नाही सापडला तर खडा.

आता ऐक, आणि शाळेतल्या मुलांसारखी जांभई देऊ नकोस. यकृत हे खानावळीचं घर आहे. आतड्यातून येणारं सगळं रक्त आधी तिथे येतं. रोजच्या जेवणाबरोबर शंभर परके जीव दारात. पहारेकरी पेशी प्रत्येकावर धावून गेल्या तर घर जळेल. म्हणून तिथल्या पहारेकऱ्यांना सोसायची सवय असते. त्यातली एखादी बिथरली, घरच्याच पेशीला चोर समजली, की ती दूत सोडते. हे दूत म्हणजे प्रथिनं, इवलीशी. त्यांचं काम एकच, ओरडत जायचं: 'इकडे या, इकडे या!' ऐकून आणखी पहारेकरी येतात, तेही दूत सोडतात. काही पेशी प्रतिपिंडांचे बाण ओतायला लागतात. जळलेल्या जागी यकृत डागडुजी करतं, तंतू विणतं, आणि शेवटी सगळं घर जाळं होतं.

मग सगळ्यांचीच यकृतं का जळत नाहीत? आपल्या गल्लीतलं भांडण आठव. मायक्रोबसवाला आणि टरबूजवाला एकमेकांची गचांडी धरतात, दोन्हीकडून चुलत भाऊ धावतात, आणि नेमका कुठूनतरी एक पोट सुटलेला माणूस येतो, दोघांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नबीवर दरूद म्हणा, जमातवाल्यांनो!" दोघं म्हणतात, आणि हात सैल पडतात. रक्तात अशा पेशी असतात. त्यांचं काम 'पुरे' म्हणणं. काही माणसांत त्या कमी पडतात, किंवा त्यांचं कुणी ऐकत नाही.

आपल्या घरात ते काम तुझी आई करायची. पोट सुटलेलं नव्हतं, एवढाच फरक.

हा रोग गोळीने आटोक्यात येतो, रबाब. वेळेत ओळखला तर.

काका

मन्सूरा, ७ नोव्हेंबर

चि. रबाब,

रुग्णांचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे लॅबमध्ये दहा वर्षं ठेवतात, मग जाळतात. यंदा २०११ ची पाळी. आवराआवरीत तुझ्या आईचा ठोकळा हाती लागला. सुईने काढलेला तो तुकडा, काडीपेटीतल्या काडीच्या अर्ध्याएवढा. जाळायला दिला नाही. कापून नव्या काचेवर घेतला, रंगवला.

आणि तेव्हा लॅबमधल्या काचा तपासून अहवाल देणाऱ्या मकरम डॉक्टरांना बोलावलं. आता ते निवृत्त आहेत. कुत्रा फिरवतात आणि रस्ता चुकतात. कुत्रा त्यांना परत आणतो. पण सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवला की माणूस तिशीचा होतो.

"दाऊद बाशा, हे कुणाचं?"

"सांगतो. आधी बघा."

"बघायचं काय, ओरडून सांगतंय. ही सीमा बघ." यकृतातल्या प्रत्येक शिरेच्या वाटेभोवती पेशींची एक सरळ ओळ असते, कुंपणासारखी. पहारेकऱ्यांनी तिच्या आत राहावं. "कुंपण खाल्लंय. आणि हे गोळा झालेत ते कोण? केंद्रक एका कडेला सरकलेलं, घड्याळाच्या तबकडीसारखं. बाण ओतणारे. थव्याने. एकट्या व्हायरसचं हे काम नाही. कुणाचं म्हणालास?"

"सनियाचं."

त्यांनी डोळा काढला नाही. तसेच म्हणाले, "मी हे तेव्हा लिहिलं होतं. नक्की लिहिलं होतं. नाही का?"

"दहा वर्षं झाली, दोक्तूर. कोण लक्षात ठेवतं?"

"मी ठेवतो. रस्ता विसरतो, काच नाही."

म्हणजे तुझ्या आईला दोन रोग होते. एक सुईने आलेला, दुसरा तिचा स्वतःचा. ह्या दुसऱ्याचा कल आईकडून मुलीकडे येऊ शकतो. येतोच असं नाही. पण तुझे डोळे, सांधे आणि जिना एकत्र मांडले तर मला ते आवडत नाहीत. काचेचं छायाचित्र सोबत आहे. तुझ्या डॉक्टरला दाखव. सुईने तुकडा काढू दे.

काका

मन्सूरा, ८ नोव्हेंबर

रबाब,

कालचं पत्र सकाळीच पेटीत टाकलं. ते खोटं आहे. काच खरी आहे, पत्र खोटं आहे.

ठोकळा आवराआवरीत सापडला नाही. कपाट, खण, ओळ, सगळं मला दहा वर्षं पाठ आहे. आणि मकरमनी लिहिलं होतं हेही मला माहीत आहे, कारण ते टंकलिखित मी केलं होतं. अहवाल दोन पानांचा होता.

व्हायरसवर तेव्हा गोळ्या आलेल्या नव्हत्या, फक्त इंटरफेरॉनची सुई होती. आठवड्याला एक, अठ्ठेचाळीस आठवडे, सरकारी यादीतून. यादीत नाव यायला सनियाला दोन वर्षं लागली, आणि समितीपुढे फाइल जायची तर तुकड्याचा अहवाल सक्तीचा. पहिल्या पानावर व्हायरस, यकृत किती जाळं झालं त्याचा अंक, आणि सही. दुसऱ्या पानावर चार ओळी: सीमेवर बाण ओतणाऱ्या पेशी फार आहेत, शरीर स्वतःवर उलटल्याचा संशय आहे, इंटरफेरॉन देण्याआधी ते तपासावं, कारण तसं असेल तर ही सुई घातक ठरेल. आणि पुन्हा सही.

इंटरफेरॉन म्हणजे काय, हे तुला गेल्या महिन्याच्या पत्रात सांगितलंच आहे, फक्त नाव घेतलं नव्हतं. तो दूत आहे. 'इकडे या' म्हणत धावणारा. व्हायरसविरुद्ध पहारेकऱ्यांना जागं करायला तो बाहेरून टोचायचा. ज्या घरात आधीच आरडाओरडा चालू आहे तिथे आणखी एक ओरडणारा.

दुसरं पान गेलं असतं तर नाव यादीतून खाली. पुन्हा तपासण्या, पुन्हा रांग. मी विचार केला, व्हायरस निश्चित आहे, दुसरा नुसता संशय. पाच हजार यकृतं कापलेला माणूस संशयाला भीक घालतो होय? मी पहिलं पान फाइलीला लावलं. दुसरं घरी आणलं आणि माझ्या मराठी शब्दकोशात 'यकृत' ह्या शब्दापाशी ठेवलं. पंडित माणूस चोरीसुद्धा वर्णानुक्रमाने करतो.

बाराव्या सुईला तिचे डोळे पिवळे झाले. मी म्हणालो, औषध लढतंय. सुई देणारा तरुण डॉक्टर म्हणाला, थांबवू या. मी त्याच्या हातापाया पडलो की नाव कापू नका. विसाव्या सुईच्या दिवशी बसमध्ये तिने विचारलं, "दाऊद, ही सुई त्याला मारायला आहे की मला?" मी म्हणालो, "निम्मं होत आलं." तेव्हा तोंड उघडता आलं असतं. पान कोशात होतं, कोश कपाटात, मी बसमध्ये. सव्विसावी शेवटची.

तू दुसरा डॉक्टर मागितलास तेव्हा मी अहंकाराने नाही म्हणालो असं तू समजतेस. अहंकार परवडला असता. मला भीती होती की तो दुसरं पान मागेल.

ते पान सोबत आहे. मूळ. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. क्षमा मागत नाही. ती शब्दकोशात आहे, पण ह्या वाक्यात बसत नाही. फक्त हे पान तुझ्या डॉक्टरच्या हातात पडू दे. आईच्या वेळी जे पोचलं नाही ते तुझ्या वेळी पोचू दे. हज्जांपासून लपव, नवऱ्यापासून, हमदीपासून लपव, डॉक्टरपासून लपवू नकोस.

दिगंबर

मन्सूरा, ९ डिसेंबर

रबाब,

महिना झाला. इन्साफ येत नाही. फोन केला तर म्हणते, "माझ्या तोंडून काही काढू नकोस, दाऊद, मला शपथ घातलीय," आणि मग पाव तास गुडघ्यांबद्दल बोलते. शपथ कसली, हे विचारायची माझी हिंमत नाही.

रोज दुपारी टपालवाल्या अम्म फर्गलीला गाठतो. तो लांबूनच दोन्ही हात रिकामे करून दाखवतो. आज म्हणाला, "उस्ताज, कुणाचं येणार आहे एवढं?" मी म्हणालो, "मुलीचं." बोलून गेलो. इतकी वर्षं 'बायकोची मुलगी' म्हणत आलो. व्याकरण शुद्ध ठेवायची हौस.

लॅबसमोर कलेजीच्या पावाची नवी गाडी लागली आहे. यकृताच्या रुग्णालयाकडे जाणारे नातेवाईक तिथे रांग लावतात. तुझी आई असती तर गाडीवाल्याला काहीतरी बोलली असती. काय बोलली असती, ते आठवून पाहतो. तिचा आवाज येतो, शब्द येत नाहीत.

आज कोशरी एकट्यापुरती केली. बरोब्बर झाली. फार वाईट वाटलं.

काका

मन्सूरा, ६ जानेवारी २०२२

चि. रबाब,

तुझ्या यकृताचा तुकडा पोचला. आपल्याकडे ठोकळा टपालाने कोणी पाठवत नाही. घरचं माणूस खिशात घालून गावोगाव हिंडतं. पण तो घेऊन हमदीच येईल, असं मला वाटलं नव्हतं. रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा प्रवास करून तो हलव्याचा डबा दोन्ही हातांत धरून लॅबच्या दारात उभा.

"उस्ताज दाऊद? हे रबाबने दिलंय. म्हणाली, कापायचं ते फक्त काकांनी."

"तुला सगळं माहीत आहे?"

"मला माहीत आहे. आईला माहीत आहे. रबाबने जेवताना सांगून टाकलं."

"हज्जा काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कबुतरं कमी पडली." मग हसू आवरून म्हणाला, "रडली ती. म्हणाली, आजारी पोरीवर मी पाखरं बसवत राहिले आणि हिने मला सांगितलं का नाही? उस्ताज, माझी आई घाबरली की पाखरांच्या मागे लागते. मनाने वाईट नाही."

डब्यात ठोकळा होता, रक्ताचे आकडे होते, आणि तुझी चिठ्ठी. अक्षर सहावीतलंच आहे, शिरोरेषा अजून उताराला लागलेल्या. चिठ्ठी पाठ झाली आहे, तरी इथे उतरवतो, मी वाचली हे तुला कळावं म्हणून:

"मला हिंदी समजलात का, काका? आईच्या चाळिसाव्याला मौलवींनी दुवा मागितली, 'माझ्या काळजाच्या तुकड्याला' असं काहीतरी; अरबीत तिथे शब्द यकृताचाच असतो. मला वाटलं, मराठीत 'यकृत'ला आणखी काय काय म्हणतात ते बघावं. कोश उघडला. पान तिथेच होतं. वाचलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी गेले ते त्यामुळे. पाच हजारांमुळे कोणी घर सोडतं का? तुम्ही सांगाल म्हणून नऊ वर्षं थांबले. तुमच्या सांगण्यावरून एक जरी तपासणी केली असती तर तुम्ही न सांगताच सुटला असता. म्हणून केली नाही. आता कापा."

हे वाचून मी कापायला बसलो, आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच पहिली पट्टी फाटली. दुसरीही. हमदी म्हणाला, "चहा सांगू का, काका?" त्याने काका म्हटलं. तिसरी नीट आली.

मकरमना बोलावलं. तुझी काच ठेवण्याआधी त्यांना सगळं सांगितलं, दुसऱ्या पानाचं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मला वाटलं हात उगारतील. उगारायला हवा होता. म्हणाले, "दहा वर्षं मला वाटत होतं की मी म्हातारा झालो, लिहिलं नसेल. तू मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावलास, दाऊद." मग चष्मा चढवला. "ठेव काच," म्हणाले.

तेच आहे, बाळ. कुंपण खाल्लंय, तबकड्यांचा थवा आहे, व्हायरस नाही. पण जाळं विणलेलं नाही. इथे एक धागा, तिथे एक. मकरम म्हणाले, "वेळेत आहे. जेमतेम, पण वेळेत." तुझ्या डॉक्टरशी ते स्वतः फोनवर बोलले. पांढरी गोळी आजपासून. ती म्हणजे तो खांद्यावर हात ठेवणारा माणूस. आकडे उतरायला लागले की दुसरी गोळी जोडतील आणि पहिली हळूहळू कमी करतील. बरं वाटलं म्हणून मनाने थांबवू नकोस, घर पुन्हा पेटेल. तोंड चंद्रासारखं गोल होईल; त्यावर आमच्या कवींनी पुष्कळ लिहून ठेवलंय, हमदीला भाषांतर करून ऐकव.

तू मला सोडवलं नाहीस, हे बरोबर केलंस. पण त्यासाठी स्वतःचं यकृत गहाण ठेवायला नको होतं. हे रागावणं काकाचं समज.

अहवाल मीच टंकलिखित केला. मकरमनी दोन्ही पानांवर सही केली. मी पाकीट घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "नाही. पाकीट तू बंद करायचं नाहीस. ह्यापुढे कधीच नाही." त्यांनीच घड्या घातल्या, त्यांनीच चिकटवलं, आणि हमदीच्या हातात दिलं. हे पत्र मी वेगळं देतोय.

अहवाल दोन पानांचा आहे. पोचल्यावर मोजून घे.

तुझा
काका